सेनुआच्या कानातले आवाज : मनोविकाराचे चित्रण आणि एक व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेमसारखा विषय गंभीर चर्चेला घ्यावा का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. ज्यांच्या घरात दोन वेळच्या जेवणाचा हिशेब जुळत नाही, त्यांच्यापुढे महागड्या यंत्रावरच्या खेळाची समीक्षा मांडणे हा चैनीचा उद्योग वाटू शकतो. परंतु माझे म्हणणे असे आहे की, आजची तरुण पिढी माणसाविषयीच्या आपल्या कल्पना ज्या माध्यमांतून घडवते, ती माध्यमे समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. माझ्या वर्गातली मुले कादंबरी वाचत नाहीत अशी तक्रार मी वीस वर्षे ऐकतो आहे. पण ती कथा घेतच नाहीत असे नाही. ती कथा खेळतात, किंवा दुसरा कोणी खेळत असताना मोबाईलवर पाहतात. म्हणून कथा, नाटक, आत्मकथन यांना आपण जो प्रश्न विचारत आलो, तोच या माध्यमालाही विचारला पाहिजे. हे चित्रण कोणी केले? कोणाच्या अनुभवाच्या आधारावर केले? आणि ज्याचे चित्रण झाले त्याचे जगणे त्यामुळे थोडे सुसह्य झाले, की अधिकच अवघड झाले?

हा प्रश्न मी येथे एकाच खेळाला विचारणार आहे. 'हेलब्लेड : सेनुआज् सॅक्रिफाइस' हे त्याचे नाव. इंग्लंडमधील केंब्रिज येथील निंजा थिअरी या स्टुडिओने तो ८ ऑगस्ट २०१७ रोजी प्रसिद्ध केला. काळोखी अद्भुतकथा, तलवारीची झुंज, नॉर्स पुराणांतले नरकलोक असा त्याचा बाह्य थाट आहे. परंतु त्याची नायिका सायकोसिसने, म्हणजे वास्तवाशी असलेले नाते सैल करून टाकणाऱ्या तीव्र मनोविकाराने ग्रासलेली आहे. तिला आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि खेळणाऱ्यालाही तेच ऐकावे आणि पाहावे लागते.

१

या खेळाचे वेगळेपण कळण्यासाठी आधीची परंपरा थोडी ध्यानात घेतली पाहिजे. लोकप्रिय कलेत मनोरुग्ण दोनच रूपांत येत आला : एक खुनी, दुसरा विदूषक. १९६० च्या 'सायको' या चित्रपटापासून पहिले रूप रूढ झाले. दुसरे रूप तर आपल्या हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या प्रेक्षकांना नव्याने सांगायला नको. पागलखाना, विजेचे झटके आणि हशा हे समीकरण आपण लहानपणापासून पाहतो.

व्हिडिओ गेमने हा वारसा जसाच्या तसा उचलला आणि त्यात स्वतःची एक भर घातली. 'बॅटमॅन : अर्खम असायलम' (२००९) किंवा 'आउटलास्ट' (२०१३) यांत मनोरुग्णालय ही भीतीची जागा आहे आणि तेथील रुग्ण हे अंगावर धावून येणारे प्राणी आहेत. त्यांना नाव नाही, इतिहास नाही, दुःख नाही. ही झाली उसनवारी. स्वतःची भर म्हणजे वेडाचे मोजमाप. १९८१ साली आलेल्या 'कॉल ऑफ कथुल्हू' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात शहाणपणाचे गुण मोजले जाऊ लागले. भयानक काही दिसले की गुण कमी होतात. २००२ च्या 'इटर्नल डार्कनेस' या खेळात पडद्यावर शहाणपणाची हिरवी पट्टीच आली. पट्टी उतरली की भास सुरू, पट्टी भरली की माणूस ठीक. मोटारीच्या टाकीतल्या पेट्रोलसारखे मन मोजण्याची ही रीत आहे. तिच्यात आजार आहे, पण आजारी माणूस कोठेच नाही.

'हेलब्लेड' या खेळाने पहिली गोष्ट केली ती ही की, पडद्यावरच्या साऱ्या पट्ट्या काढून टाकल्या. सेनुआची शक्ती किती उरली याचा आकडा नाही, नकाशा नाही, कोणते बटण दाबावे याची सूचना नाही. जे कळेल ते तिच्या चालण्यावरून, श्वासावरून आणि तिच्या कानातल्या आवाजांवरून. हा केवळ घाटाचा प्रयोग नाही. माणसाला आकड्यांत मोजायचे नाही असा तो निर्णय आहे.

२

कथा थोडक्यात अशी. आठव्या शतकाचा शेवट. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरची सेनुआ ही पिक्ट जमातीतील तरुणी. नॉर्स दर्यावर्द्यांच्या धाडी तेव्हा सुरू झाल्या आहेत. सेनुआला लहानपणापासून आवाज ऐकू येतात. तिच्या आईला, गलेनालाही ते ऐकू येत. बाप झिन्बेल हा ड्रुइड, म्हणजे तेथील धर्मसत्तेचा माणूस. आवाज हा शाप आहे, मुलीच्या आत 'काळोख' वसतो आहे, असा त्याचा निवाडा. तो तिला कोंडून ठेवतो. आईला तर त्याच धर्माच्या नावाने जिवंत जाळले गेले आहे. लहान सेनुआने ते पाहिले, आणि तिच्या मनाने ती आठवण गाडून टाकली.

डिलियन नावाचा एक तरुण तिला माणूस म्हणून पाहतो. तिच्यावर प्रेम करतो, तिला उजेडात आणतो. पुढे गावात रोगाची साथ येते. साथ आली की कोणाच्या तरी माथी दोष मारायचा असतो. बाप म्हणतो, हा हिच्या शापाचा परिणाम. सेनुआ स्वतःच ते खरे मानते आणि रानात निघून जाते. परत येते तेव्हा धाडीत गाव उद्ध्वस्त झालेले असते. नॉर्स लोकांनी डिलियनचा आपल्या देवांना बळी दिलेला असतो. त्याचे शिर कापडात गुंडाळून, कमरेला बांधून ती त्यांच्या मृत्युलोकात, हेलहाइमला निघते. हेला या मृत्युदेवतेकडून त्याचा आत्मा परत मागायचा आहे. येथून खेळ सुरू होतो.

वाटेत तिला सोबत आहे ती ड्रुथच्या आवाजाची. ड्रुथ हा नॉर्स लोकांच्या गुलामगिरीतून पळालेला माणूस. तो मेला आहे, पण त्याने सांगितलेल्या शत्रूच्या देवांच्या कथा दगडांवरच्या खुणांपाशी तिला पुन्हा ऐकू येतात. शत्रूचे पुराण गुलामाच्या तोंडून कळावे, ही योजना मला अर्थपूर्ण वाटते. धन्याच्या देवांना गुलामाइतके जवळून कोण ओळखणार?

पश्चिमेच्या जुन्या परंपरेतही अशा माणसांना नाव होते. आयरिश कथांत 'गेल्ट' म्हणजे युद्धाने, शापाने किंवा शोकाने भान हरपून रानात गेलेला माणूस. खेळाच्या निर्मात्यांनी हा धागा जाणीवपूर्वक उचलला. सायकोसिस हा शब्द नव्हता, तेव्हाही सायकोसिस होताच. त्याला शब्द कोणता मिळाला आणि तो कोणी दिला, यावर त्या माणसाचे नशीब ठरत होते.

३

आता निर्मितीकडे वळू. सुमारे वीस माणसांच्या चमूने हा खेळ केला. दिग्दर्शक तमीम अँटोनियाडिस. २०१४ साली खेळाची घोषणा झाली, आणि तेव्हापासून कामाची प्रगती चित्रफितींतून लोकांपुढे ठेवली गेली. वेलकम ट्रस्ट या वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेने मदत दिली. केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर सल्लागार झाले. माणसांना ऐकू येणाऱ्या आवाजांवर संशोधन करणारे डरहॅम विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फर्नीहो यांचीही मदत झाली.

परंतु तज्ज्ञांची नावे जोडणे ही आजकाल सवयीची गोष्ट झाली आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. सायकोसिस स्वतः भोगलेल्या माणसांना निर्मात्यांनी सोबत बसवले. केंब्रिजजवळच्या 'रिकव्हरी कॉलेज ईस्ट' या संस्थेतून ही माणसे आली. त्यांनी आपले अनुभव सांगितले, झालेले काम पाहिले, हे असे नसते, ते तसे असते, म्हणून दुरुस्त केले. येथे आजारी माणूस अभ्यासाचा नमुना राहिला नाही. तो चित्रणाचा परीक्षक झाला.

आवाजांचे उदाहरण घेऊ. आपल्याला वाटते की आवाज ऐकू येणे म्हणजे डोक्यात एक विचार घुमणे. तसे नाही. ज्यांना ऐकू येतात त्यांच्यापैकी अनेकांना ते जागेसह ऐकू येतात : डाव्या खांद्यामागून, दाराबाहेरून, अगदी कानाला लागून. हे दाखवण्यासाठी स्टुडिओने माणसाच्या डोक्याच्या आकाराचा, दोन कान असलेला मायक्रोफोन वापरला. अभिनेत्री त्याच्याभोवती फिरत, वाकत, कुजबुजत बोलल्या. परिणाम असा की, हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या मानेमागे कोणीतरी उभे आहे असे वाटते. मी स्वतः दोनदा मागे वळून पाहिले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

आणि हे आवाज बोलतात काय? एक टोचतो, एक हसतो, एक धीर देतो, एक घाबरून परत फिर म्हणतो. ते एकमेकांना छेद देतात. तुला जमणार नाही म्हणणारा आवाज पुढच्याच क्षणी मागून वार येतोय म्हणून सावध करतो, आणि ती सूचना खरी असते. म्हणजे आवाज निव्वळ शत्रू नाहीत, निव्वळ मित्रही नाहीत. ते तिच्या घरची माणसे आहेत, भांडखोर, नकोशी, पण घरचीच. खेळाच्या आरंभी त्यांतला एक आवाज खेळणाऱ्याशीच बोलतो, त्याला जवळ बोलावतो. तेव्हा लक्षात येते की, आपणही तिच्या डोक्यात शिरलेला आणखी एक आवाज आहोत.

दुसरे उदाहरण दारांचे. बंद दारावर एक खूण कोरलेली असते. तीच आकृती भोवतालच्या सृष्टीत शोधायची : दोन झाडांच्या फांद्यांत, कोसळलेल्या तुळयांत, भिंतीवरच्या सावलीत. योग्य कोनातून पाहिले की विखुरलेल्या वस्तू जुळतात आणि खूण साकार होते. सायकोसिसमध्ये असंबद्ध गोष्टींत संबंध दिसू लागतात, प्रत्येक गोष्ट आपल्यालाच काही सांगते आहे असे वाटू लागते. त्या अवस्थेचे हे क्रियारूप आहे. वाचून हे समजणे वेगळे आणि अर्धा तास खेळल्यावर खोलीतल्या खिडकीच्या गजांतही आकृती दिसू लागणे वेगळे. यामागचे शास्त्र साधे आहे. डोळा-कान जे आणून देतात ते अपुरे असते. उरलेले मेंदू अंदाजाने भरतो, आणि सगळ्यांचाच मेंदू हे सतत करत असतो. आजारात अंदाजाचे पारडे जड होते. म्हणजे 'ते' आणि 'आपण' यांच्यामध्ये भिंत नाही, एकच उतार आहे.

सेनुआची भूमिका करणारी मेलिना युर्गेन्स ही अभिनेत्री नव्हती. ती स्टुडिओत चित्रफितींचे संकलन करी. खरी नटी मिळेपर्यंत चाचणीसाठी तिला उभे केले होते, ती शेवटपर्यंत राहिली. एप्रिल २०१८ मध्ये या खेळाला बाफ्टाचे पाच पुरस्कार मिळाले, त्यांत एक तिच्या अभिनयाचा होता.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या खेळाने आजाराची लक्षणे हुबेहूब दाखवली, म्हणून त्याची स्तुती झाली. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. लक्षणे दाखवणे हे तंत्राचे यश आहे. या कृतीचा खरा आशय वेगळा आहे. सेनुआला जे भोगावे लागते त्यातले आजाराचे किती आणि माणसांनी लादलेले किती, हा हिशेब ही कृती मांडते.

'काळोख' हा शब्द सेनुआचा नाही. तो तिच्या बापाचा आहे. आवाज तिला जन्मापासून होते. आवाज म्हणजे शाप, हे तिला शिकवले गेले. तिच्या डोक्यातल्या कुजबुजीवर स्वार झालेला, गरजणारा, भेदरवणारा जो एक पुरुषी स्वर आहे, तो झिन्बेलचा आहे. म्हणजे बाहेरचा जुलूम आत जाऊन आवाज झाला. कोंडून ठेवणारा बाप मागे राहिला, पण कोंडवाडा तिने बरोबर नेला. समाजाने तुच्छ ठरवलेल्या माणसाला सर्वांत अवघड झुंज स्वतःच्या मनात रुजवलेल्या तुच्छतेशी द्यावी लागते, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

माझी एक आत्या होती. तिलाही आवाज ऐकू येत. तिला भगताकडे नेले जाई, मिरच्यांची धुरी दिली जाई, केस धरून विचारले जाई : कोण आहेस तू? कुठून आलीस? काय पाहिजे तुला? घरातल्या थोरल्यांपासून भगतापर्यंत सगळ्यांनी प्रश्न विचारले, पण ते सारे तिच्या अंगातल्या कल्पित भुताला विचारले. तिला स्वतःला कोणी कधी विचारले नाही की, बाई, तुला काय ऐकू येते? किती दिवस झाले? भीती वाटते का? तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तिच्याच तोंडून ऐकून घेणारा एकही माणूस तिला मिळाला नाही. आजाराने तिचे नुकसान केले हे खरेच. पण हे दुसरे नुकसान आजाराने केलेले नव्हते.

नाव कोण ठेवतो, याचा इतिहास भगतापाशी संपत नाही. वैद्यकानेही सत्तेची चाकरी केली आहे. १८५१ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने काळ्या गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला चक्क एक मनोविकार ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असे ग्रीक नाव दिले होते. गुलामाला स्वातंत्र्य हवेसे वाटणे हा रोग, आणि त्यावर इलाज चाबूक! दुसरीकडे, इंग्लंडमध्ये कॅरिबियन वंशाच्या काळ्या नागरिकांत सायकोसिसचे निदान अधिक प्रमाणात होते, असे अनेक दशकांचे संशोधन सांगते. त्याचे कारण रक्तात नाही. गरिबी, एकाकीपणा, भेदभाव यांचा त्यात वाटा आहे असे अभ्यासक मांडतात. तेव्हा मनोविकार हा निव्वळ मेंदूचा प्रश्न आहे असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच तो निव्वळ समाजाने रचलेला बनाव आहे असे म्हणणेही चूक. वेदना खरी असते. औषधाची गरजही खरी असते. पण वेदनेवर मिठाचा हात कोणाचा, हेही विचारावे लागते.

५

या खेळावर आक्षेपही घेतले गेले. त्यांतले काही मला ग्राह्य वाटतात.

पहिला आक्षेप तलवारीचा. मनोरुग्ण हिंसक असतो हा समज मोडायचा, तर नायिकेच्या हाती तलवार देऊन शेकडो वार करायला का लावायचे? प्रत्यक्षात तीव्र मनोविकार असलेली माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. यावर उत्तर दिले जाते की, तिची झुंज तिच्याच भीतीशी आहे, समोरचे योद्धे भास आहेत. उत्तर निम्मे खरे आहे. परंतु बाजारात झुंजीवाचून खेळ खपत नाही, हेही तितकेच खरे आहे. या कृतीने चौकट वाकवली, मोडली मात्र नाही.

दुसरा आक्षेप देणगीचा. खुणा जुळल्या की दार उघडते, म्हणजे आजार हीच शक्ती ठरते. दुःखाला दैवी देणगी म्हणून ओवाळणे हा त्याच्याकडे पाठ फिरवण्याचाच एक सभ्य मार्ग आहे. ज्याला प्रत्येक भिंतीवर आपल्याविषयी मजकूर दिसतो, त्याच्यापुढे दारे उघडत नाहीत, बंद होतात. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो.

तिसरा, धमकीचा. आरंभी सांगितले जाते की, सेनुआच्या हातावरची काळी कीड प्रत्येक पराभवासरशी वर चढेल, आणि डोक्यापर्यंत पोचली की खेळलेले सारे पुसले जाईल. हे खोटे असते. तसे कधीच होत नाही. काहींना ही फसवणूक वाटली. मला येथे निर्मात्यांची बाजू घ्यावीशी वाटते. खोट्या पण ठाम धमकीखाली जगणे म्हणजे काय, हे व्याख्यानाने कळत नाही. बापाने सेनुआला सांगितलेला शापही असाच होता. तो कधीच खरा नव्हता, पण तिचे सारे वागणे त्यानेच ठरवले.

चौथा मुद्दा माझा आहे. अमेरिकेतील सॅन मातेओ, घानातील अक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून मानवशास्त्रज्ञ टॅनिया लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या रुग्णांचे आवाज बहुधा अनोळखी, हिंस्र, युद्धाची भाषा करणारे होते. चेन्नईतल्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, आणि ते घरकामे सांगत, रागावत, समजावत. म्हणजे आवाजांनाही समाज असतो, भाषा असते. तेव्हा सेनुआचे आवाज हेच जगातले 'खरे' आवाज, असे मानण्याची चूक आपण करू नये. हा एका मातीतला अनुभव आहे, आणि तो प्रामाणिक आहे तो त्या मातीपुरता. आपल्याकडच्या बाईला पाटावरवंट्याशी बसलेली मेलेली सासू काय म्हणते, हे केंब्रिजमध्ये बसून लिहिता येणार नाही.

६

शेवटाचा उल्लेख टाळता येत नाही. सेनुआ हेलापर्यंत पोचते, हरते, आणि डिलियन परत येत नाही. जादूने कोणी जिवंत होत नाही, जादूने कोणी बरेही होत नाही. त्याचे शिर खोल दरीत पडते, आणि मृत्युदेवतेच्या जागी सेनुाच उभी दिसते. आवाज थांबत नाहीत. ती त्यांच्यासह पुढे निघते. आजार संपला तरच माणूस पूर्ण, ही अट येथे नाकारली आहे, आणि हा नकार मला या कृतीचे सर्वांत मोठे मोल वाटते. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या 'सेनुआज् सागा : हेलब्लेड २' या पुढच्या भागातही तिचे आवाज तिच्या सोबत आहेत. दरम्यान, २०१८ साली मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ विकत घेतला. मोठ्या भांडवलाच्या छत्राखाली हा प्रामाणिकपणा कितपत टिकतो, यावर लक्ष ठेवले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख माणसांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे सुमारे तीनशे माणसांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जागेवरून हलू न शकल्यामुळे जळून मेले. सेनुआच्या आईला जाळणारे आठवे शतक फार दूरचे नाही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. हा खेळ आला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, आपल्या संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली आणि उपचार हा हक्क म्हणून मान्य केला. कायदे आहेत. ते वस्तीपर्यंत, वाडीपर्यंत नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. बांधलेला माणूस दिसला की हा देवाचा किंवा घरचा मामला नसून गुन्हा आहे, एवढे जरी गावाला कळले, तरी पुष्कळ झाले.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे निराळे आहे. भाषेपासून सुरुवात करा. 'वेडा', 'खुळी', 'मेंटल', 'येड्यांचा बाजार' हे शब्द आपण शिवी म्हणून वर्गात, सभेत, कवितेतही सर्रास वापरतो. जन्मावरून दिलेल्या शिवीची जखम ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आजारावरून शिवी द्यावी हे विसंगत आहे. आणि लिहिणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. दुसऱ्याने आपले दुःख कल्पनेने रंगवू नये, आम्ही भोगले ते आम्हीच सांगू, असा आग्रह आपल्या साहित्याने धरला आणि तो योग्यच होता. मग आपल्याच वस्तीतल्या मनोरुग्णाचे बोलणे आपल्या लेखनात कोठे आहे? आपल्या कथांतून तो येतो तो बहुधा पाराजवळ बसलेला, पोरांनी खडे मारलेला, एखाद्या ओळीपुरता. त्याचे आत्मकथन लिहिले जायचे आहे. तो स्वतः लिहू शकत असेल तर त्याच्या हाती लेखणी द्यावी. नसेल तर त्याच्याजवळ बसावे, विचारावे, ऐकावे, जे लिहिले ते त्याला वाचून दाखवावे आणि तो चूक म्हणेल ते खोडावे. केंब्रिजच्या त्या वीस माणसांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते. त्यांच्याकडे यंत्रे होती, पैसा होता. ऐकून घेण्यासाठी मात्र यातले काहीच लागत नाही.